घटनादुरुस्तीचा माग कसा काढायचा: विधेयकापासून छापील अनुच्छेदापर्यंत

“१२४ व्या घटनादुरुस्तीने आर्थिक दुर्बलांना आरक्षण दिले.” “लोकसभेत दोन तृतीयांश मते पडली नाहीत, म्हणजे विधेयक पहिल्याच दिवशी पडले.” “राष्ट्रपतींची सही झाली, म्हणजे आजपासून हक्क मिळाला.” ही वाक्ये स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्ये असतात, व्हॉट्सॲपवर फिरतात आणि अधूनमधून बातम्यांतही येतात. तिन्ही चुकीची आहेत. पहिल्यात विधेयकाचा क्रमांक दुरुस्तीला चिकटवला आहे, दुसऱ्यात बहुमताची अट चुकीच्या टप्प्यावर लावली आहे आणि तिसऱ्यात संमतीची तारीख हीच अमलाची तारीख धरली आहे.

चुकांचे मूळ एकच आहे. “मंजूर झाली” या दोन शब्दांत आपण पाच-सहा वेगळ्या गोष्टी कोंबतो: विधेयक मांडले गेले, लोकसभेने संमत केले, राज्यसभेने संमत केले, राज्यांनी अनुसमर्थन (विधानमंडळाच्या ठरावाने होकार) दिले, राष्ट्रपतींनी संमती दिली, सरकारने अमलाची तारीख जाहीर केली. यातल्या प्रत्येक गोष्टीला स्वतःची तारीख असते आणि स्वतःची अट असते. सातबाऱ्यावरचे फेरफार क्रमाने वाचल्याशिवाय जमिनीचा आजचा मालक कळत नाही, तसेच हे आहे. म्हणून भारताच्या संविधानातील कोणत्याही दुरुस्तीचा माग कसा काढायचा, ते इथे क्रमवार देत आहे. क्रम बदलू नका. बहुतेक गोंधळ पायरी गाळल्यामुळेच होतो.

## आधीची तयारी

चार गोष्टी समोर ठेवा.

पहिली, तळटिपांसह छापलेले अधिकृत संविधान. केंद्राच्या विधायी विभागाची आवृत्ती संकेतस्थळावर मिळते. मराठी आवृत्ती वापरत असाल तर आधी सुरुवातीची पाने उघडून ती कोणत्या तारखेपर्यंत सुधारलेली आहे ते पाहा. जुन्या मराठी आवृत्त्या वर्षानुवर्षे अभ्यासिकांत फिरत असतात. खाजगी प्रकाशकांच्या खिशात मावणाऱ्या प्रतींत बऱ्याचदा तळटिपा काढून टाकलेल्या असतात. अशी प्रत या कामाला निरुपयोगी आहे, कारण दुरुस्तीचा सगळा इतिहास तळटिपांतच असतो.

दुसरी, त्या दुरुस्तीचा मूळ अधिनियम, राजपत्रात छापला तसा. तिसरी, त्याचे मूळ विधेयक आणि त्यासोबतचे उद्देश व कारणांचे निवेदन. चौथी, एक कोरे पान. त्यावर हे रकाने आखा: दुरुस्तीचा क्रमांक, विधेयकाचा क्रमांक, मार्ग, लोकसभेची तारीख व मते, राज्यसभेची तारीख व मते, अनुसमर्थन, संमती, अमलाची तारीख, न्यायालयाचा निर्णय. एखादा रकाना रिकामा राहिला तर तो अंदाजाने भरू नका.

सावध: अधिकृत मराठी मजकुरात २१क, ५१क, ३४२क असे छापतात, बातम्यांत त्यालाच २१ए, ५१ए, ३४२ए म्हणतात. इंग्रजी ‘एफ’ उपखंड मराठीत ‘च’ होतो. शोधताना दोन्ही रूपे टाकून पाहा.

सावध: बोलताना आपण “कलम ३७०” म्हणतो आणि ते चालते. माग काढताना मात्र संविधानाचा तो ‘अनुच्छेद’ आणि दुरुस्ती अधिनियमाचे ते ‘कलम’ असे वेगळे लिहा. ४४ व्या दुरुस्तीच्या कलम ३ ने अनुच्छेद २२ बदलायचा होता. दोघांनाही कलम म्हटले की वाचणारा अनुच्छेद ३ उघडून बसतो.

## १. क्रमांक वेगळे करा

विधेयक मांडले जाते तेव्हा त्याला एक क्रमांक मिळतो, अधिनियम होतो तेव्हा दुसरा. मधली काही विधेयके पडतात, काही लोकसभेच्या विसर्जनाबरोबर व्यपगत होतात (आपोआप संपतात), काही तशीच पडून राहतात, म्हणून दोन्ही मोजण्या एकमेकींपासून लांब जातात. आर्थिक दुर्बल घटकांच्या आरक्षणाचे विधेयक १२४ वे होते, दुरुस्ती १०३ वी झाली. वस्तू व सेवा कराचे विधेयक १२२ वे, दुरुस्ती १०१ वी. विधिमंडळांतील महिला आरक्षणाचे विधेयक १२८ वे, दुरुस्ती १०६ वी.

एकच क्रमांक दोन वेगळ्या विषयांना लागल्याचीही उदाहरणे आहेत. १९७० साली संस्थानिकांचे तनखे बंद करण्यासाठी आलेले विधेयक ‘२४ वी सुधारणा’ या नावाचे होते. ते राज्यसभेत पडले. १९७१ ची २४ वी दुरुस्ती प्रत्यक्षात आहे, पण तिचा विषय निराळाच: संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार. तनखे शेवटी २६ व्या दुरुस्तीने गेले.

वर्षाचेही तसेच. ७३ वी दुरुस्ती ‘१९९२’ ची म्हणून ओळखली जाते, कारण संसदेच्या दोन्ही सभागृहांनी ती डिसेंबर १९९२ मध्ये संमत केली. ती अमलात आली २४ एप्रिल १९९३ रोजी. नावातले वर्ष हे अमलाचे वर्ष असेलच असे नाही.

तपासा: तुमच्या पानावर दोन क्रमांक आले का? एकच असेल तर तो बहुधा विधेयकाचा आहे.

## २. मार्ग कोणता, ते आधी ठरवा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे आणि हीच सगळ्यात जास्त गाळली जाते. संविधानाचा मजकूर बदलण्याचे तीन मार्ग आहेत. मतांचा हिशेब मार्ग कळल्यानंतरच करता येतो.

साधा कायदा. संविधानाने स्वतःच काही गोष्टी साध्या बहुमताच्या कायद्यावर सोपवल्या आहेत. नवे राज्य बनवणे, सीमा किंवा नाव बदलणे (अनुच्छेद २ व ३), राज्यात विधान परिषद निर्माण करणे किंवा ती रद्द करणे (अनुच्छेद १६९), पाचव्या आणि सहाव्या अनुसूचीतले बदल या त्यांतल्या ठळक. अनुच्छेद ४ तर स्पष्टच सांगतो की राज्यनिर्मितीच्या कायद्यामुळे पहिली आणि चौथी अनुसूची बदलली, तरी तो कायदा अनुच्छेद ३६८ च्या (घटनादुरुस्तीची कार्यपद्धती सांगणाऱ्या अनुच्छेदाच्या) अर्थाने घटनादुरुस्ती मानला जाणार नाही.

महाराष्ट्र राज्याची निर्मिती याच मार्गाने झाली. १ मे १९६० साठी कोणतीही क्रमांकित घटनादुरुस्ती नाही. मुंबई पुनर्रचना अधिनियम, १९६० आहे. विदर्भ आणि मराठवाड्याच्या विकास मंडळांची तरतूद असलेला अनुच्छेद ३७१(२) उघडा. तो १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आला, पण त्यातले ‘महाराष्ट्र किंवा गुजरात’ हे शब्द १९६० च्या त्या साध्या अधिनियमाने घातले. तळटीप वाचली तर हे एका ओळीत कळते. क्रमांकित दुरुस्त्यांच्या यादीत शोधत बसलात तर कधीच सापडणार नाही.

सावध: एखाद्या जातीचा किंवा जमातीचा अनुसूचित यादीत समावेश करायला घटनादुरुस्ती लागते, हा समज फार पक्का बसला आहे. अनुच्छेद ३४१(२) आणि ३४२(२) नुसार राष्ट्रपतींनी अधिसूचित केलेल्या यादीत नाव घालणे किंवा वगळणे हे संसद साध्या कायद्याने करते. गोंधळ नावामुळे होतो, कारण त्या याद्यांचे नावच ‘संविधान (अनुसूचित जमाती) आदेश, १९५०’ असे आहे. शीर्षकात ‘संविधान’ दिसले म्हणून ते घटनादुरुस्ती विधेयक ठरत नाही.

विशेष बहुमत. अनुच्छेद ३६८ खालचा नेहमीचा मार्ग. मूलभूत हक्क, मार्गदर्शक तत्त्वे आणि इतर बहुतेक तरतुदी यात येतात.

विशेष बहुमत आणि राज्यांचे अनुसमर्थन. अनुच्छेद ३६८(२) च्या परंतुकात, म्हणजे ‘परंतु’ने सुरू होणाऱ्या जोड-अटीत, यादी दिली आहे. राष्ट्रपतींची निवडणूक (५४, ५५), केंद्राच्या आणि राज्यांच्या कार्यकारी अधिकाराची व्याप्ती (७३, १६२), सर्वोच्च न्यायालय व उच्च न्यायालयांची प्रकरणे, केंद्र आणि राज्ये यांच्यातील कायदे करण्याच्या अधिकारांची वाटणी, सातव्या अनुसूचीतील कोणतीही सूची, संसदेतील राज्यांचे प्रतिनिधित्व आणि खुद्द अनुच्छेद ३६८. वस्तू व सेवा कर परिषदेचा २७९क या यादीत १०१ व्या दुरुस्तीने आला.

आता खरी मेख. विधेयकात या यादीतल्या अनुच्छेदाचा उल्लेख नाही म्हणजे अनुसमर्थन लागत नाही, असा निष्कर्ष काढू नका. परिणाम काय होतो तेही पाहावे लागते. सहकारी संस्थांबाबतची ९७ वी दुरुस्ती याचे सगळ्यात बोलके उदाहरण आहे आणि महाराष्ट्रातल्या लाखो लोकांच्या रोजच्या व्यवहाराशी तिचा संबंध आला. गृहनिर्माण संस्था, पतसंस्था, साखर कारखाने यांच्या निवडणुका, संचालकांची कमाल संख्या, लेखापरीक्षण यांबाबतच्या अटी घालणारा भाग नऊ-ख तिने आणला. सहकार हा विषय राज्यसूचीत, नोंद ३२ मध्ये आहे. सातव्या अनुसूचीतला एकही शब्द बदलला नव्हता, पण राज्यांच्या कायदे करण्याच्या अधिकाराला मर्यादा पडत होती. राज्यांचे अनुसमर्थन घेतले गेले नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने २० जुलै २०२१ रोजी याच कारणाने राज्यांतर्गत सहकारी संस्थांपुरता तो भाग अवैध ठरवला. बहुराज्य सहकारी संस्थांना तो लागू राहिला. त्याच दुरुस्तीने अनुच्छेद १९(१)(ग) मध्ये आलेले ‘सहकारी संस्था’ हे शब्द आणि अनुच्छेद ४३ख मात्र टिकून आहेत.

पक्षांतरबंदीच्या दहाव्या अनुसूचीतील परिच्छेद ७ चेही असेच झाले. ५२ व्या दुरुस्तीतल्या या परिच्छेदाने न्यायालयांचे दार बंद केले होते. म्हणजे परिणाम न्यायालयांच्या अधिकारावर होत होता आणि अनुसमर्थन नव्हते. १९९२ च्या किहोटो होलोहान निर्णयात तो परिच्छेद बाद झाला, बाकीची अनुसूची राहिली.

तपासा: विधेयकाच्या प्रत्येक खंडासमोर वेगळा मार्ग लिहा. एका विधेयकातले काही खंड नुसत्या विशेष बहुमताचे आणि काही अनुसमर्थनाचे असू शकतात.

## ३. विधेयक कुठे आणि कोणी मांडले

इथे फार वेळ घालवू नका. घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत किंवा राज्यसभेत, कुठेही मांडता येते. मंत्री मांडू शकतो, साधा खासदारही मांडू शकतो. अनुच्छेद ३६८ त्यासाठी राष्ट्रपतींची पूर्वपरवानगी मागत नाही. राज्याच्या विधानमंडळाला मात्र असे विधेयक सुरू करता येत नाही; विधानसभेने घटनादुरुस्तीची मागणी करणारा ठराव केला तर तो फक्त शिफारस असतो.

विधेयक मांडण्याला आणि ते समितीकडे पाठवण्याला साधे बहुमत पुरते. डिसेंबर २०२४ मध्ये एकत्र निवडणुकांचे १२९ वे विधेयक लोकसभेत मांडले गेले, तेव्हा मतविभागणीत दोन तृतीयांश आकडा गाठला गेला नाही, म्हणून ते पडल्याचे संदेश फिरले. ते पडले नव्हते. ते रीतसर मांडले गेले आणि संयुक्त समितीकडे गेले. विशेष बहुमताची अट पुढच्या टप्प्यावर लागते.

## ४. मतांचा हिशेब: दोन कसोट्या, दोन्ही सभागृहांत

अनुच्छेद ३६८(२) एकाच वेळी दोन गोष्टी मागतो. सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचे बहुमत, आणि उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांचे किमान दोन तृतीयांश. लोक यातली एकच धरतात, किंवा दोन्हींची मिसळ करून ‘एकूण सदस्यसंख्येचे दोन तृतीयांश’ अशी तिसरीच कसोटी तयार करतात.

हिशेब या क्रमाने करा.

अ) एकूण सदस्यसंख्या घ्या. लोकसभेसाठी ५४३, राज्यसभेसाठी २४५. रिकाम्या जागा वजा करू नका. लोकसभेच्या नियमांप्रमाणे जागा रिकामी असो की सदस्य गैरहजर असो, एकूण संख्या तीच राहते. बहुमत झाले २७२ आणि १२३. जुन्या दुरुस्त्या तपासताना त्या काळची संख्या घ्या. १०४ व्या दुरुस्तीपूर्वी लोकसभेत अँग्लो-इंडियन समाजाचे दोन नामनिर्देशित सदस्य धरले जात.

आ) बाजूने आणि विरुद्ध पडलेल्या मतांची बेरीज करा. तटस्थ राहिलेले यात धरायचे नाहीत. या बेरजेचे दोन तृतीयांश काढा आणि अपूर्णांक आला तर वरचा पूर्णांक घ्या.

इ) बाजूची मते दोन्ही आकड्यांना पुरतात का पाहा.

१०३ व्या दुरुस्तीवर हे लावून बघा. लोकसभेत ८ जानेवारी २०१९ रोजी बाजूने ३२३, विरुद्ध ३. ‘तेव्हाच्या ५४५ चे दोन तृतीयांश म्हणजे ३६४’ असे धरले तर हे विधेयक पडायला हवे होते. प्रत्यक्षात मतदान केले ३२६ जणांनी, त्याचे दोन तृतीयांश २१८, आणि एकूण सदस्यसंख्येचे (तेव्हा ५४५) बहुमत २७३. दोन्ही कसोट्या पार. दुसऱ्या दिवशी राज्यसभेत १६५ विरुद्ध ७. तिथेही १२३ ची कसोटी सहज ओलांडली.

कोणती कसोटी जड पडेल हे मतदान किती झाले यावर ठरते. लोकसभेत ४०८ किंवा त्याहून कमी जणांनी मत दिले तर २७२ हाच निर्णायक आकडा. त्याहून जास्त झाले की दोन तृतीयांशाची अट वरचढ होते. राज्यसभेत हा टप्पा १८४ मतांचा आहे.

अपूर्णांकाची गोष्ट किरकोळ समजू नका. तनख्यांचे १९७० चे विधेयक राज्यसभेत १४९ विरुद्ध ७५ असे गेले. बेरीज २२४, दोन तृतीयांश १४९.३३. म्हणजे १५० मते हवी होती. एका मताने विधेयक पडले.

ही अट फक्त शेवटच्या मतदानाला नाही. विधेयक विचारार्थ घेण्याचा प्रस्ताव, एकेक खंड आणि अखेरची मंजुरी यांना स्वतंत्र विशेष बहुमत लागते. त्यामुळे विधेयक पास होऊन त्यातला एखादा खंड पडू शकतो. १९७८ च्या ४५ व्या विधेयकात काही मूलभूत बदलांसाठी सार्वमत घेण्याची तरतूद होती. ती राज्यसभेत टिकली नाही. उरलेले विधेयक ४४ वी दुरुस्ती म्हणून संमत झाले. म्हणूनच ‘विधेयकात असे होते’ हे कधीही ‘दुरुस्तीत असे आहे’ याचा पुरावा म्हणून वापरू नका.

सावध: दोन्ही सभागृहांत मतभेद झाला तर संयुक्त बैठक घेऊन सोडवता येईल, हे साध्या विधेयकांबाबत खरे आहे (अनुच्छेद १०८). घटनादुरुस्तीत प्रत्येक सभागृहाने वेगळे विशेष बहुमत द्यावेच लागते. पंचायतराजचे १९८९ चे ६४ वे विधेयक लोकसभेत संमत होऊनही राज्यसभेत अडले, आणि तिथेच संपले.

तपासा: दुसऱ्या सभागृहाने बदल केले का? केले असतील तर विधेयक पहिल्याकडे परत जाते आणि तिथे पुन्हा मतदान होते. वस्तू व सेवा कराचे विधेयक लोकसभेने मे २०१५ मध्ये संमत केले, राज्यसभेने ३ ऑगस्ट २०१६ रोजी बदलांसह संमत केले, म्हणून लोकसभेने ८ ऑगस्ट २०१६ रोजी ते पुन्हा संमत केले. ‘लोकसभेने कधी संमत केले’ याला इथे दोन तारखा आहेत.

## ५. राज्यांचे अनुसमर्थन

दुसऱ्या टप्प्यात ‘अनुसमर्थन हवे’ असे लिहिले असेल तरच ही पायरी. किमान निम्म्या राज्यांच्या विधानमंडळांनी तसा ठराव करावा लागतो. आजच्या २८ राज्यांच्या हिशेबाने १४. २०१४ ते २०१९ या काळात राज्ये २९ होती, तेव्हा १५ लागत.

राज्यात विशेष बहुमत लागत नाही, साधा ठराव पुरतो. राज्याला मजकुरात फेरफार करता येत नाही. अनुसमर्थन द्यायचे किंवा नाही, एवढेच. ठरावासाठी अनुच्छेद ३६८ मध्ये मुदत घातलेली नाही. निम्म्या राज्यांचे ठराव झाले की विधेयक पुढे जाऊ शकते, म्हणून एखाद्या राज्याचा ठराव नंतर झाला किंवा झालाच नाही, तरी दुरुस्ती अडत नाही आणि ती त्या राज्यालाही लागू होते. “आमच्या राज्याने अनुसमर्थन दिले नाही, म्हणून आम्हाला लागू नाही” या युक्तिवादाला आधार नाही.

सावध: क्रम उलटा करू नका. अनुसमर्थन आधी, राष्ट्रपतींची संमती नंतर. ३६८(२) चे परंतुकच सांगते की ठराव विधेयक संमतीसाठी सादर करण्यापूर्वी व्हायला हवेत.

## ६. राष्ट्रपतींची संमती

एवढेच लक्षात ठेवा: साधे विधेयक राष्ट्रपती फेरविचारासाठी परत पाठवू शकतात किंवा संमती रोखू शकतात. घटनादुरुस्ती विधेयकाबाबत १९७१ च्या २४ व्या दुरुस्तीपासून संमती देणे बंधनकारक आहे. त्या तारखेला विधेयकाचा अधिनियम होतो आणि तो राजपत्रात छापला जातो. ही तारीख पानावर लिहा आणि तिला अमलाची तारीख म्हणू नका.

## ७. अमलाची तारीख स्वतंत्र शोधा

अधिनियमाचे कलम १ उघडा. त्यात दुसरे उपकलम आहे का आणि त्यात “केंद्र सरकार अधिसूचनेद्वारे नेमून देईल अशा तारखेपासून” असे शब्द आहेत का, ते पाहा. असतील तर ती अधिसूचना शोधणे तुमचे काम आहे. ती सापडेपर्यंत अमलाचा रकाना रिकामा ठेवा.

संमती आणि अंमल यांच्यातले अंतर केवढे असू शकते ते पाहा. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारी ८६ वी दुरुस्ती २००२ ची. अनुच्छेद २१क अमलात आला १ एप्रिल २०१० रोजी. मधल्या सात-आठ वर्षांत पाठ्यपुस्तकांत हक्क होता, न्यायालयात मागता येत नव्हता.

त्याहून टोकाचे उदाहरण ४४ व्या दुरुस्तीचे. तिची बहुतेक कलमे १९७९ मध्ये अमलात आली. प्रतिबंधक स्थानबद्धतेवर सल्लागार मंडळाचा अंकुश कडक करणारे कलम ३ मात्र अमलात आणणारी अधिसूचना निघालीच नाही. त्यामुळे अनुच्छेद २२ मध्ये अजून जुनाच मजकूर चालतो आणि नवा मजकूर तळटिपेत वाट पाहतो. व्यक्तिस्वातंत्र्याशी थेट संबंध असलेली तरतूद अशी पडून राहणे मला फार गंभीर वाटते. बऱ्याच अभ्यासकांनाही ती ‘झालेली’ वाटते, कारण त्यांनी अधिनियम वाचलेला असतो, तळटीप वाचलेली नसते.

उलट दिशेचेही उदाहरण आहे. ८५ वी दुरुस्ती २००१ ची, पण तिला पूर्वलक्षी प्रभाव आहे: ती १७ जून १९९५ पासून अमलात असल्याचे मानले जाते.

कधी कधी अधिनियम अमलात येऊनही तरतूद प्रत्यक्षात येत नाही, कारण मजकुरातच पुढची अट असते. १०६ व्या दुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद ३३४क मध्ये, २०२३ मध्ये संमत झालेल्या मजकुराप्रमाणे, अंमल सुरू झाल्यानंतरची पहिली जनगणना आणि त्यावर आधारलेली मतदारसंघांची पुनर्रचना या अटी आहेत. अशा वेळी दोन नोंदी करा: अधिनियम अमलात येण्याची तारीख वेगळी, तरतूद लागू होण्याची अट वेगळी.

तपासा: एकाच अधिनियमाची सगळी कलमे एकाच दिवशी अमलात आली का? १०१ व्या दुरुस्तीत वस्तू व सेवा कर परिषदेबाबतचे कलम दिनांक १२ सप्टेंबर २०१६ ला, बाकीची १६ सप्टेंबर २०१६ ला अमलात आली. प्रत्यक्ष कर सुरू झाला १ जुलै २०१७ रोजी, तो वेगळ्या कायद्यांनी.

## ८. न्यायालयाने काय केले

छापलेला मजकूर म्हणजे लागू असलेला मजकूर, असे गृहीत धरू नका. न्यायालयाने दुरुस्ती अवैध ठरवली तरी शब्द आपोआप पुसले जात नाहीत. ते काढायला पुन्हा दुरुस्तीच लागते.

अनुच्छेद ३६८ स्वतःच उघडा. त्यात खंड (४) आणि (५) दिसतील: कोणत्याही घटनादुरुस्तीला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही, संसदेच्या अधिकाराला कोणतीही मर्यादा नाही. ४२ व्या दुरुस्तीने घातलेले हे दोन्ही खंड १९८० च्या मिनर्व्हा मिल्स निर्णयाने अवैध ठरले. आजही ते छापले जातात, खाली तळटीप असते. तळटीप नसलेल्या प्रतीवरून कोणी “संसदेच्या अधिकाराला मर्यादा नाही, संविधानातच लिहिले आहे” म्हणाले तर त्याचे वाचन बरोबर असते आणि निष्कर्ष चूक.

न्यायाधीशांच्या नेमणुकीचा आयोग आणणारी ९९ वी दुरुस्ती सगळ्या पायऱ्या चढून गेली होती: दोन्ही सभागृहांत जवळजवळ एकमत, निम्म्याहून जास्त राज्यांचे अनुसमर्थन, संमती, १३ एप्रिल २०१५ पासून अंमल. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी घटनापीठाने ती ४ विरुद्ध १ अशी रद्द केली, कारण न्यायव्यवस्थेचे स्वातंत्र्य हा मूलभूत संरचनेचा, म्हणजे दुरुस्तीनेही मोडता न येणाऱ्या संविधानाच्या गाभ्याचा, भाग आहे.

म्हणून दोन प्रश्न वेगळे विचारा. कार्यपद्धती पाळली गेली का? ९७ वी दुरुस्ती यात अडकली. आणि आशयाने संविधानाची मूलभूत संरचना मोडली का? ९९ वी यात अडकली. दुसऱ्या प्रश्नाचा उगम २४ एप्रिल १९७३ च्या केशवानंद भारती निर्णयात आहे. तेरा न्यायाधीशांपैकी सात जणांचे बहुमत होते. ‘रद्द झाली’ असे लिहिताना कारण यांतले कोणते ते न चुकता लिहा. पहिल्या कारणाने पडलेली दुरुस्ती अनुसमर्थन घेऊन पुन्हा आणता येते. दुसऱ्या कारणाने पडलेली तीच दुरुस्ती कितीही मतांनी परत आणली तरी टिकणार नाही.

न्यायालय मजकूर न बदलता त्याचा अर्थही ठरवते. १०२ व्या दुरुस्तीनंतर मागासवर्गांची यादी ठरवण्याचा अधिकार राज्यांकडे उरला का, हा प्रश्न मराठा आरक्षणाच्या खटल्यात आला. ५ मे २०२१ च्या निर्णयात बहुमताने ‘नाही’ असा अर्थ लावला. त्यानंतर ऑगस्ट २०२१ मध्ये १०५ वी दुरुस्ती झाली आणि राज्यांना आपापली यादी ठेवण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत मिळाला. या दोन दुरुस्त्यांच्या मधला निर्णय वगळला तर १०५ वी का आली हेच कळत नाही.

## ९. एक अनुच्छेद अथपासून वाचून पाहा

सरावासाठी अनुच्छेद १६ घ्या. आजचा मजकूर उघडा आणि तळटिपांवरून मागे जा. तळटिपेत चार प्रकारची क्रियापदे येतात: घातले, एका मजकुराऐवजी दुसरा घातला, वगळले, नव्याने क्रमांक दिला. ‘ऐवजी’ दिसले की जुना मजकूर काय होता ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

खंड (३) मध्ये सातव्या दुरुस्तीने १९५६ मध्ये शब्द बदलले, राज्यांची नवी रचना झाली म्हणून. १९९२ च्या इंद्रा साहनी निर्णयाने पदोन्नतीत आरक्षण नाही असे ठरवले. त्यावर ७७ व्या दुरुस्तीने १९९५ मध्ये खंड (४क) घातला. ८१ व्या दुरुस्तीने २००० मध्ये अनुशेषाच्या जागांसाठी (४ख) घातला. ८५ व्या दुरुस्तीने (४क) मध्ये पदोन्नतीबरोबर येणारी ज्येष्ठताही जोडली, १७ जून १९९५ पासूनच्या प्रभावाने, म्हणजे थेट ७७ व्या दुरुस्तीच्या तारखेपर्यंत मागे जाऊन. २००६ च्या नागराज निर्णयाने या दुरुस्त्या अटींसह वैध ठरवल्या. १०३ व्या दुरुस्तीने खंड (६) आला आणि ७ नोव्हेंबर २०२२ रोजी घटनापीठाने तो ३ विरुद्ध २ असा ग्राह्य धरला.

हे सगळे एका पानावर मांडले की दिसते की दुरुस्त्या आणि निर्णय एकमेकांना उत्तर देत पुढे गेले आहेत. फक्त दुरुस्त्यांची यादी पाठ केली तर ८५ वी आणि ७७ वी यांचा संबंध लागत नाही.

अनुच्छेद ३३४ वर हीच पद्धत लावा. अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव मतदारसंघांची मूळ मुदत दहा वर्षे होती. ८, २३, ४५, ६२, ७९, ९५ आणि १०४ या दुरुस्त्यांनी ती दर वेळी दहा वर्षांनी वाढत ऐंशी वर्षांवर आली. १०४ व्या दुरुस्तीने मात्र अँग्लो-इंडियन सदस्यांच्या नामनिर्देशनाची मुदत सत्तरवरच थांबवली. तिचे नाव २०१९ चे, अंमल २५ जानेवारी २०२० पासून.

शेवटी निष्कर्ष लिहाल तेव्हा वाक्यात किमान तीन गोष्टी येऊ द्या: दुरुस्तीचा क्रमांक, अमलाची तारीख आणि न्यायालयीन स्थिती. उदाहरणार्थ: “अनुच्छेद १६(६) हा १०३ व्या दुरुस्तीने १४ जानेवारी २०१९ पासून अमलात आला, सर्वोच्च न्यायालयाने तो २०२२ मध्ये वैध ठरवला.” यात विधेयकाचा क्रमांक लिहायचा असेल तर ‘१२४ वे विधेयक’ असे पूर्ण लिहा, नुसते १२४ लिहू नका.